आबांची रजा आणि शून्य वॉर्निंग

लोणावळ्यातल्या आमच्या ऑफिसात शिरलं की समोरच्या भिंतीवर एक मोठा टीव्ही होता आणि त्यावर फक्त एक आकडा. नवीन माणसाला वाटे, टोकन नंबर असावा. एकदा एक कुरिअरवाला आपला नंबर येईल म्हणून दहा मिनिटं शांतपणे बसून राहिला होता. तो आकडा आमच्या वॉर्निंगांचा होता.

कंपनी लहान होती. कार्ल्यापासून पवनेच्या काठापर्यंत जे बंगले उभे राहिलेत, त्यांच्या मालकांसाठी आम्ही ॲप चालवायचो. मालक मुंबई-पुण्याचे. बंगला सांभाळणारं जोडपं इथलं, मागच्या दोन खोल्यांत राहणारं. पाहुणे कधी येणार, मोटर जळली का, केअरटेकरला रजा हवी आहे का, हे सगळं पूर्वी फोनवर चाले. आम्ही ते ॲपवर आणलं आणि त्याला प्रगती म्हटलं.

मी तिथे कोड लिहायचे, आणि रोजचा बिल्ड माझ्याकडे होता. दिवसभर सगळ्यांनी लिहिलेला कोड दुपारी चार वाजता एक यंत्र आपोआप गोळा करी, कम्पायलरकडून तो यंत्राला चालेल अशा रूपात उतरवून घेई आणि तपासून बघे. कम्पायलरला चूक सापडली तर काम थांबतं. चूक नाही पण संशय आहे, असं असेल तर तो वॉर्निंग लिहितो आणि पुढे जातो. स्वभावाने तो जुन्या शाळेतल्या हेडक्लार्कसारखा. त्याला सगळं दिसतं, तो एकदा सांगतो; ऐकलं नाहीत तर तुमचं तुम्ही.

आमच्या वॉर्निंगा तीनशेच्या वर होत्या आणि त्याचं कोणाला काही वाटत नव्हतं. मग आमचे संचालक कुठल्याशा नेतृत्व शिबिराला तीन दिवस जाऊन आले आणि त्यांना शून्याचा शोध लागला. टीव्ही लावला गेला. पंधरा दिवसांनी पुण्याहून गुंतवणूकदार येणार होते, तोवर त्यावर शून्य दिसलं पाहिजे, असं ठरलं. जबाबदारी माझी.

पहिले दहा दिवस मी प्रामाणिकपणे काम केलं. न वापरलेली नावं काढली, जुन्या पद्धती बदलल्या. आकडा भराभर उतरला आणि बासष्टवर अडला. ह्या बासष्ट वॉर्निंगा एकाच जातीच्या होत्या. कम्पायलरचं म्हणणं असं की, इथे तुम्ही एक काम सुरू केलंय, पण ते पुरं होण्याची वाट न बघता पुढे निघालात. कामाचं काय झालं ते तुम्हाला कळणार नाही. अशा ठिकाणी अवेट लिहायचं असतं, म्हणजे थांब, निकाल कळू दे, मग पुढे जा. पण एका ठिकाणी थांबायचं तर त्याला बोलावणाऱ्यालाही थांबावं लागतं, त्याच्या वरच्यालाही. एकेका वॉर्निंगला तासभर लागणार होता. हाती दिवस पाच होते.

यावर एक पळवाटही होती. त्या ओळीच्या आधी एक अंडरस्कोअर, म्हणजे खालची आडवी रेघ, आणि बरोबरचं चिन्ह टाकायचं. म्हणजे कम्पायलरला सांगायचं की, मला माहीत आहे, मला उत्तर नकोच आहे. तो लगेच गप्प होतो.

समोर बसणारा माझा सहकारी माझ्याच वयाचा होता, आणि कंपनीत माझ्याहून जुना.

"किती राहिल्या?" त्याने विचारलं.

"बासष्ट. सगळ्या अवेटच्या."

"मग लाव अंडरस्कोअर आणि जा घरी. तळेगावची लोकल चुकेल."

"आणि ते काम फसलं तर?"

"फसलं तर कळेलच की."

"कोणाला?"

त्याने चहाचा कप उचलला. "हे बघ, तुला शून्य पाहिजे की सत्य? सत्यासाठी टीव्ही नाही घेतलेला त्यांनी."

मी हसले. मग बासष्ट ठिकाणी अंडरस्कोअर टाकले. त्याला वीस मिनिटं लागली. हे नंतर नीट करायचं, असं वहीत लिहून ठेवलं. चारच्या बिल्डला टीव्हीवर शून्य आलं, आणि पुढच्या सोमवारी एका हॉटेलच्या हॉलमध्ये, पुण्याच्या पाहुण्यांच्या देखत, शाल-श्रीफळ देऊन माझा सत्कार झाला. संचालक शून्याच्या भारतीय परंपरेवर अठरा मिनिटं बोलले. शाल चांगली होती.

आता आबांबद्दल. ते मळवलीचे, स्टेशनपासून चालत पंधरा मिनिटांवरच्या एका बंगल्याचे केअरटेकर. आबा आणि त्यांची बायको, आमच्या मावशी, तिथे सतरा वर्षं होते. ज्या जागेवर बंगला आहे ती एकेकाळी त्यांच्या भावकीतली भाताची खाचरं. वाटण्या झाल्या, जमीन गेली, गावातलं घर धाकट्या भावाकडे राहिलं आणि आबा आपल्याच खाचराच्या बांधावर राखणदार म्हणून राहायला आले. हे ते तक्रार म्हणून सांगत नसत. पत्ता सांगावा तसं सांगत.

ॲप नवीन असताना केअरटेकर लोकांना ते शिकवायला मी गावोगाव फिरले. आबांकडे चार वेळा गेले, कारण तिथे इंद्रायणीचा भात आणि मावशींच्या हातचं कालवण मिळायचं. आबांना वाचता उत्तम येई. स्मार्टफोनही ते झटकन शिकले. अडत एकच होतं. सतरा वर्षं मालकांना निरोप द्यायचा तर ते फोन करत आणि पलीकडून "बरं" ऐकल्याशिवाय फोन ठेवत नसत. कोणालाही निरोप धाडला तरी तो पोचल्याचं उत्तर आल्याशिवाय तो त्यांच्या लेखी गेलेलाच नसे.

"ताई, म्या दाबलं," ते म्हणाले. "पर मालकास्नी पोचलं का न्हाई, ते कसं कळायचं?"

"हिरवी खूण आली ना? मग पोचलं."

"मालक तर काय बोललं न्हाईत."

"बोलायची गरजच नाही, आबा. त्यासाठीच तर ॲप आहे."

"मंग पुन्यांदा दाबू का?"

"नको. दोनदा दाबलं की दोन अर्ज जातात. मालक वैतागतील."

मावशी चुलीपाशी होत्या. "त्यांचं आसंच हाय," त्या म्हणाल्या. "कुनी बरं म्हटल्याबिगर घास उतरत न्हाई. लगीन ठरवाया आले तवा माज्या बापानं मान हालवली, तर म्हनं, त्वांडानं बोला."

"मंग बोलला का न्हाई तुजा बाप?"

"बोलला. आन म्या हितं येऊन पडले."

आम्ही तिघंही हसलो. आबांची ती सवय मी चौथ्या भेटीत मोडली, आणि स्टेशनकडे जाताना मला त्याचं समाधान वाटत होतं.

सत्कारानंतर दोनेक महिन्यांनी आबांची थोरली बहीण तिकोणा पेठेला वारली. दहावा शनिवारी येत होता. केअरटेकरने शनिवारी रजा मागायची नाही, हा मावळातला अलिखित कायदा आहे. पाहुणे येतात ते शनिवारीच. आबांनी सतरा वर्षांत पहिल्यांदा शनिवारची रजा मागितली. बुधवारी दुपारी त्यांनी ॲपवर लिहिलं की, बहिणीचा दहावा आहे, शनिवारी आम्ही दोघं नाही, किल्ली शेजारच्या बंगल्यात ठेवली आहे. हिरवी खूण आली. ते निश्चिंत झाले.

शनिवारी दुपारी मालक आले. बरोबर त्यांच्या मुलीच्या होणाऱ्या सासरची माणसं होती. फाटकाला कुलूप. आबा त्या वेळी डोंगराआड पाण्याकाठी पिंडापाशी बसलेले, तिथे फोनला रेंज नाही. मालकांनी अकरा वेळा फोन केला. किल्ली तीस पावलांवर होती, पण हे सांगणारा मजकूर कुठेच पोचला नव्हता. भुशी धरणाकडच्या गर्दीतून वाट काढत, लोणावळ्यात हॉटेल शोधत, होणारे व्याही गाडीत तीन तास बसून होते. लग्न मोडलं नाही, पण त्या तीन तासांची किंमत कोणाकडून तरी वसूल व्हायची होती.

सोमवारी मालकांनी आबांना सांगितलं, महिनाअखेर खोल्या रिकाम्या करा. आबा म्हणाले, रजा टाकली होती. मालकांनी आपला फोन उघडून दाखवला. तिथे काही नव्हतं. आबांनी आपला दाखवला. हिरवी खूण पडद्यावर तेवढ्यापुरती येते, साठून राहत नाही. तिथेही काही नव्हतं.

मालकांनी आमच्याकडे विचारणा केली. संचालकांनी ती माझ्याकडे सरकवली. एका ओळीत उत्तर हवं होतं. त्या विचारणेत फक्त बंगल्याचा क्रमांक होता, नाव नव्हतं. आमच्याकडे माणसं क्रमांकांनीच ओळखली जात. मी नोंदी तपासल्या आणि लिहिलं, "सदर आठवड्यात आपल्या केअरटेकरकडून रजेची कोणतीही विनंती प्राप्त झालेली नाही." वाक्य खरं होतं. एकही शब्द जास्तीचा नव्हता. पाठवून मी जेवायला गेले.

गुरुवारी आबा लोणावळ्याला ऑफिसात आले. धुतलेलं धोतर, हातात फोन. मी बाहेर आले तेव्हा ते टीव्हीवरच्या शून्याकडे बघत बसले होते.

"ताई, तुमच्या हापिसातनं पत्र गेलंय म्हनं, म्या खोटं बोललो म्हनून."

"आबा, तसं नाही लिहिलेलं."

"मंग काय लिवलंय?"

तेव्हा मला कळलं की तो क्रमांक त्यांचा होता.

"नोकरीचं जाऊ द्या," ते म्हणाले. "कवातरी थांबायचंच हुतं. ऱ्हायला जागा न्हाई, पर ती बी बगू. मालक काय म्हनले ठावं हाय का? खोटं बोलतोस, आन वर मेलेल्या भनीचं नाव घेतोस." त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. "तुमीच शिकिवलं न्हवं? म्या काय चुकीचं दाबलं का, तेवडं बगून सांगा."

मी त्यांना चहा दिला, बघते म्हणाले आणि ते गेल्यावर कोड उघडला. रजेची ओळ सापडायला दोन मिनिटंही लागली नाहीत. तिच्या सुरुवातीला माझा अंडरस्कोअर होता. सर्व्हर रजा साठवायला सुरुवात करी आणि ती साठली का हे न बघता केअरटेकरच्या फोनला "झालं" म्हणून कळवी. एरवी साठवणं मागाहून पुरं होऊन जाई. पण बुधवारी दुपारी, शनिवार-रविवारच्या बुकिंगची गर्दी असते तेव्हा, "झालं" सांगून सर्व्हर नोंदवहीशी, म्हणजे डेटाबेसशी, असलेली जोडणी मिटवून टाकी, आणि रजा अर्ध्यावर मरे. ती मेली हे ऐकायला तिथे कोणीच थांबलेलं नसे. मी चाचणीच्या यंत्रावर नोंदवही मुद्दाम संथ केली आणि एक रजा टाकली. हिरवी खूण आली. नोंद नव्हती. पुन्हा टाकली. पुन्हा तेच.

रोजच्या बिल्डमधल्या चाचण्यांत हे कधी दिसलं नाही, कारण तिथे गर्दी नसते. दिसलं होतं फक्त कम्पायलरला, आणि त्याला मी गप्प केलं होतं.

पाच वाजता मी संचालकांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. शिबिरात तेही शिकवत असावेत. म्हणाले, याला आपण चूक नको म्हणूया, लर्निंग म्हणूया. आधी कोड दुरुस्त करा. मग सगळ्या ग्राहकांना योग्य भाषेत कळवू, वकिलांच्या नजरेखालून घालून. तोवर कोणाला परस्पर फोन नको.

मी सहा दिवस फोन केला नाही. हे मी दुसऱ्या कोणावर ढकलू शकत नाही. मालकांचा नंबर माझ्या समोरच्या पडद्यावर होता, माझे हात कोणी धरले नव्हते. मी स्वतःला सांगितलं की बासष्टच्या बासष्ट जागा नीट करू, पुराव्यानिशी बोलू. आणि त्या मी खरोखर नीट केल्या. प्रत्येक ठिकाणी अवेट, प्रत्येक ठिकाणी काम फसलं तर काय करायचं ते लिहिलं. अंडरस्कोअर काढताच टीव्हीवर पुन्हा बासष्ट आले, तेव्हा संचालकांनी आठवडाभर त्यावर धबधब्याचं चित्र लावलं. काम उत्तम झालं. नीटनेटका कोड लिहिणं हा एक फोन टाळण्याचा फार सभ्य मार्ग आहे, हे मला तेव्हा कळत होतं आणि तरी मी लिहीत होते.

सातव्या दिवशी मी मालकांना फोन केला. माणूस सौजन्याने बोलला.

"अस्सं. मग त्याने तसं सांगायला हवं होतं."

"त्यांनी सांगितलं होतं. तुम्ही मानलं नाहीत. आमच्या पत्रामुळे."

"हं. तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत. पण आता मी एजन्सीशी करार केलाय, परवाच. वर्षभराचा. त्यांचे गार्ड युनिफॉर्ममध्ये असतात, पाहुण्यांवर छाप पडते."

"निदान आबांना एक फोन कराल? ते खोटं बोलले नव्हते, एवढंच सांगा."

"बघतो," ते म्हणाले.

परवाच, म्हणजे मी शेवटच्या दहा-बारा जागा दुरुस्त करत होते तेव्हा. पहिल्याच दिवशी फोन केला असता तर करार झाला नसता, असं मी खात्रीने म्हणू शकत नाही. झाला नसता, असं मला वाटतं.

आबांना मी त्याच दिवशी फोन लावला. ते तिकोणा पेठेला भाच्याकडे राहायला गेले होते. म्हणाले, सामान हलवलंय, फक्त पाटा-वरवंटा राहिलाय, रविवारी टेंपो घेऊन येतो. मी म्हटलं, मीही येते, बोलायचंय.

फाटकाबाहेर टेंपो उभा होता. मावशी पुढच्या सीटवर बसल्या होत्या, आबा खाली. मी तिथेच उभ्याउभ्या सगळं सांगितलं. वॉर्निंग म्हणजे काय, मी ती कशी बंद केली, का केली, आणि कळल्यावरही सहा दिवस कशी गप्प बसले. शालीचंही सांगितलं. आबा मान खाली घालून ऐकत होते.

"म्हंजी माजं बटन बरोबर दाबलं गेलतं?"

"बरोबर दाबलं होतं, आबा. चूक माझी होती."

ते टेंपोकडे वळले. "ऐकलंस का? बरोबर दाबलं हुतं."

"म्या कवा म्हटलं चुकलं म्हनून," मावशी म्हणाल्या. "तुमीच रोज बोट बगत बसला हुता."

"मालकास्नी सांगितलं का?" आबांनी मला विचारलं.

"सांगितलं. त्यांना पटलं."

"काय म्हनले?"

"तुम्हाला फोन करतील, म्हणाले." मालक बघतो म्हणाले होते. मी त्यात भर घातली.

"न्हाई आला अजून," आबा म्हणाले. पुढे त्यांनी काही विचारलं नाही, आणि माझ्यावर रागावलेही नाहीत. ते रागावले असते तर मला परतीची वाट सोपी गेली असती.

गार्ड पोरसवदा नव्हता, चाळिशीचा होता, कुठून लांबून आलेला. त्याने आम्हाला आत सोडलं नाही. "एन्ट्री करावी लागेल. काम काय लिहू?"

"पाटा न्यायचाय," आबा म्हणाले. "मागल्या खोलीत हाय."

"पाटा असं ऑप्शन नाही. डिलिव्हरी आहे, मेंटेनन्स आहे, गेस्ट आहे."

"मंग पाव्हना ल्ह्या."

त्याने टेंपोवाल्यासकट चौघांची नावं घेतली आणि फोन आमच्याकडे वळवला. ॲप आमचंच होतं. पडद्यावर अक्षरं होती, 'मालकांच्या परवानगीची वाट पाहत आहे.' ती अक्षरं माझीच होती, त्याच आठवड्यात लिहिलेली. आता सर्व्हर उत्तर येईपर्यंत थांबत होता, त्याआधी कोणाला काही झालं म्हणून सांगत नव्हता. मालक कुठेतरी जेवत असावेत.

आम्ही फाटकाबाहेर उभे राहिलो. ऊन चढलं. मावशी उतरून गजांतून आत बघू लागल्या आणि गार्डला सांगू लागल्या की कोपऱ्यातला कढीपत्ता सुकतोय, त्याला दिवसाआड पाणी लागतं, आणि पायरीवरची मांजर कोणाची नाही पण तिला भात चालतो. गार्ड म्हणाला, मला फक्त गेटचं काम दिलंय. आबा फोनकडे बघत नव्हते. ते टेंपोच्या सावलीत उकिडवे बसले होते. मळवली स्टेशनावरून दोन गाड्या गेल्या, तेवढा वेळ गेला.

मग गार्ड म्हणाला, "आली परवानगी."

"काय बोलले का मालक?" आबांनी उठत विचारलं.

"नाही. नुसतं ॲप्रूव्ह केलंय."

आबा आणि टेंपोवाला आत जाऊन पाटा घेऊन आले. खालच्या बाजूला माती चिकटली होती, ती मावशींनी फाटकाशी झाडली आणि पाटा पदराने पुसून टेंपोत ठेवू दिला. आबा गार्डला मोटरची खोड सांगत होते, सुरू करताना स्विच अर्धा मिनिट दाबून धरायचा, लगेच सोडला तर कॉइल जळते. गार्ड मान हलवत होता, पण त्याचं लक्ष नव्हतं. तो ॲपमध्ये आम्हा चौघांना एकेक करून बाहेर काढत होता.